मास्तरांची मोठ्यानं झालेली प्रार्थना

गुरुवारच्या सभेत गोटीराम मास्तर मनातल्या मनात प्रार्थना करायला गेले आणि ती तोंडातून बाहेर पडली.

शरणपूर या नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीत घरोघरच्या सभांची रीत अशी, की एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. त्या दिवशी उज्वलाच्या हॉलमध्ये सतरंजीवर सगळे डोळे मिटून बसले होते. मास्तरांचं म्हणून झालं होतं. आजारी, प्रवासी, सरकार, द्राक्षबागा, सगळ्यांना देवाच्या हवाली करून ते गप्प झाले होते. पण पुढं कोणी सुरूच करेना. त्या शांततेत मास्तरांचं आतलं गाऱ्हाणं ओठांवर कधी आलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“आणि प्रभू, सुलाबाईंना माझ्याशी लग्नाला हो म्हणायची बुद्धी दे. नाताळ झाला की आमचा अमित मला पुण्याला नेणार. तेवढं त्याच्या आधी बघ.”

“आमेन,” सगळी खोली म्हणाली. सवयीनं म्हणाली. मग एकेकाचे डोळे उघडले.

पंचाईत अशी, की सुलाबाई त्याच सतरंजीवर बसल्या होत्या आणि आमेन त्यांनीही म्हटलं होतं.

“बाई, तुमचाच आवाज मोठा होता,” उज्वला म्हणाली.

“माझा आवाज मोठाच आहे,” सुलाबाई म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

मास्तर तसे कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. नोकरी नाशिकरोडला प्रेसमध्ये झाली. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, म्हणून मास्तर. आजोबा सायखेड्याहून आले, बाप्तिस्मा घेतला, पण घरात नावं गावाकडचीच ठेवली. त्यामुळे शमुवेल आणि दानियेलांच्या रांगेत हा एकटा गोटीराम. चर्चचे नवे पाळकसाहेब आले की नाव दोनदा विचारून घेत.

देवाचं मन ओळखायची मास्तरांची पद्धत सोपी होती. सूर पहिल्या झटक्यात लागला की देव खूश. भात्यातून हवा गळायला लागली की आपलं कुठंतरी चुकलं. बायको गेली त्या रविवारी मात्र पेटी अगदी सुरात वाजली, आणि तेव्हापासून मास्तर या पद्धतीबद्दल फारसं बोलत नसत.

सुलाबाई मिशनच्या बोर्डिंगच्या मेट्रन. लग्न केलंच नाही. सुरगाण्याकडची पोरं जीपमध्ये कोंबून यायची, पिशवीत नागलीचं पीठ आणि डोळ्यांत पाणी घेऊन. त्यांना नाताळची गाणी शिकवायला मास्तर संध्याकाळी बोर्डिंगात जात. डिसेंबरची नाशिकची थंडी, पोरांच्या तोंडून वाफा निघतायत, मधे एकच पिवळा दिवा, आणि दारात पट्टी घेऊन सुलाबाई. पट्टी पोरांसाठी होती, पण ताल चुकला की बाई मास्तरांकडेच बघत. गाणी संपली की मोठ्या पातेल्यातला गवती चहा मिळायचा. तशी चव मास्तरांना नंतर कुठं सापडली नाही, आणि त्यांनी चहा काही कमी ठिकाणी घेतला नव्हता.

एकदा एक पोरगा रडत बाईंकडे आला होता. “बाई, प्रभूनं मला घरी जायला सांगितलं.”

“कधी सांगितलं?”

“आत्ताच. गणिताच्या तासाला.”

“त्याला म्हणावं, गणित सुटलं की परत सांग.”

आता बोर्डिंग बंद झालंय आणि त्या जागेवर गाड्या उभ्या राहतात. मास्तर तिथून गेले की अजूनही जरा हळू चालतात.

पावसाळ्यात मास्तरांनी धीर करून बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “प्रार्थना करून सांगते.” शरणपुरात या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच घेतात. पण सुलाबाई प्रार्थना करते म्हणाल्या की खरोखर करतात, म्हणून मास्तर वाट बघत बसले. दिवाळी गेली. पुण्याहून मुलाचा, अमितचा, फोन आला, की आता नाताळनंतर बाबांना कायमचं न्यायचंच. आणि मग हे असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माफी मागायला गेले. बाई अंगणात डाळ निवडत होत्या.

“या. माझं आमेन परत करायला आलात?”

“चुकून झालं, बाई.”

“देवाशी बोलताना चुकून कसं होतं, मास्तर? सकाळपासून रांग लागलीय इथं. एकीला स्वप्न पडलं, एकीला बायबलमधलं वचन मिळालं. दूधवाला म्हणतो, बाई, होऊन जाऊ द्या. एवढ्या गलक्यात देवाचा आवाज कुठला आणि उज्वलाचा कुठला, हे मी ओळखू कसं?”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

बाईंचा हात सुपात थांबला. “मला हवंय. म्हणूनच भीती वाटते. जे आपल्याला हवं असतं, ते देवाच्या तोंडी घालायला किती वेळ लागतो? जन्मभर पोरांना हेच सांगत आले.” मग पुन्हा डाळीत बोटं घालून म्हणाल्या, “विशीत असताना नगरचं एक स्थळ आलं होतं. मी नाही म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, प्रभूनं मला बोर्डिंगसाठी ठेवलंय. त्यानं ठेवलं होतं, का मी घाबरले होते, ते अजून मला सांगता येत नाही. आता पुन्हा तसं नको.”

मास्तरांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. त्यांना वाजवता येत होतं, पण इथं पेटी नव्हती.

“आणि तुम्ही प्रार्थनेत इतकं बोलता,” बाई म्हणाल्या, “की त्याला मधे बोलायला फट ठेवत नाही. शनिवारी दुपारी चर्चमध्ये या. पेटीला हात लावायचा नाही. काही मागायचं नाही. नुसतं बसायचं.”

शनिवारी ते बसले. बायकांच्या बाजूला बाई, पुरुषांच्या बाजूला मास्तर, मधे जायची वाट. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत कबुतरं. मास्तरांनी सवयीनं मागायला सुरुवात केली आणि जीभ चावली. बोटं गुडघ्यावर उगाच सूर शोधत राहिली. मग हळूहळू तीही थकली.

आणि त्या रिकामपणात जे आलं ते सुलाबाईंबद्दल नव्हतंच. अमितचा आवाज आला. तो दर फोनला म्हणायचा, बाबा, आम्ही दोघं कामाला जातो, पोरगी शाळेतून आली की शेजाऱ्यांकडे बसते, आजोबा कधी येणार विचारते. मास्तर दर वेळी ‘बघू’ म्हणायचे. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी देवाकडे हजार गोष्टी मागितल्या होत्या, पण पुण्याचं एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं.

“बाई,” ते वाटेपलीकडून म्हणाले, “नात बोलावतेय, तरी मला पुण्याला जायचं नव्हतं. तुमच्या आड थोडं लपायचं होतं.”

“थोडं?”

“बरंच.”

“मला वाटलंच होतं.”

“पण ते बाजूला केलं तरी तुम्ही राहताच. ते काय जात नाय.” मास्तर गडबडले की त्यांच्या बोलण्यात सायखेडा यायचा. “तुमच्या कानावर आलं काही?”

सुलाबाईंनी पदर सारखा केला. “आवाज वगैरे काही नाही. मी त्या नगरच्या स्थळाचा विचार करत होते. तेव्हा नाही म्हटलं आणि घरी येऊन रडले होते. आज हो म्हणून बघितलं, मनातच. भीती शोधली. सापडली नाही.” त्या उठल्या. “तुम्ही पुण्याला जा. नातीजवळ राहा. तिथं तुम्हाला बोलावलंय, ते मला इथूनही ऐकू येतंय. अमितला तोवर दुसरी सोय बघू द्या. ईस्टरला परत या आणि पाळकसाहेबांना सांगा, लग्नाची पुकार वाचा म्हणून. रविवारी भर चर्चमध्ये वाचतील, कोणाची हरकत असेल त्यानं उठून सांगावं. मी उठणार नाही.”

मास्तर पेटीकडे बघत राहिले. हात लावला नाही.

नाताळनंतर अमित गाडी घेऊन आला. सामान भरून झालं, सुलाबाईंनी मफलर नीट गुंडाळायला लावला, आणि गाडी सुरू होणार तेवढ्यात उज्वला खिडकीशी आली.

“मास्तर, या गुरुवारची सभा तुमच्या घरी होती. चहा आणि भजी तुमच्याकडून.”

“आल्यावर देतो.”

“आल्यावर लग्न करून दोन घरांची मिळून एकच उरकाल. चालणार नाही. तुमची वेगळी.”

मास्तरांच्या दाराला कुलूप आहे. गुरुवार आला की सभा पुढच्या घरी जाते, आणि उज्वला दर वेळी सगळ्यांना आठवण करून देते, की मास्तरांच्या घरची भजी अजून बाकी आहेत.