पूलबाईचं वाक्य

गावात तिला सगळे पूलबाई म्हणत. नवऱ्याचं आडनाव होतं, पण ते फक्त नोकरीच्या कागदावर. नदीवरच्या पडक्या पुलापासून संग्रहालयापर्यंत पर्यटकांना पायी फिरवायचं आणि युद्धाची गोष्ट सांगायची, हे तिचं काम. सात थांबे, दीड तास, मागचे हरवू नयेत म्हणून हातात लाल छत्री. बावीस वर्षं हेच.

पाहुण्यांना पोस्टाच्या भिंतीतली गोळ्यांची भोकं भारी आवडत. त्यात बोटं घालून फोटो काढायचे, वर हसायचे. जिथे माणसं मेली तिथे दात काढायला कसं सुचतं, हे तिला कधी कळलं नाही. पण पोटासाठी तिनेही कित्येकांचे कॅमेरे धरले.

पाचवा थांबा घाटाचा. तिथे पर्यटन कार्यालयाने टाइप करून दिलेलं वाक्य असं होतं: "इथल्याच एका फितूर नावाड्याने पैसे घेऊन शत्रूच्या सैनिकांना पलीकडून आणलं, आणि त्या पहाटे गावातली एकोणचाळीस माणसं मारली गेली."

तो नावाडी म्हणजे पूलबाईचा बाप.

हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. शत्रू मागे हटल्यावर लोकांनी बापाला त्याच घाटावर ठेचून मारलं, तेव्हा ती चार वर्षांची. आई तिला काखोटीला मारून जी निघाली ती पुन्हा या बाजूला फिरकली नाही. चाळीस वर्षांनी विधवा होऊन मुलगी परत आली आणि हे काम मागून घेतलं. बापाबद्दल वाईट बोलायचंच असेल, तर बोलणारं तोंड निदान आपलं असावं, एवढाच तिचा विचार.

आणि ते तोंड तिने मोठ्या हुशारीने चालवलं. पहिल्या वर्षी 'पैसे घेऊन' गिळलं. कोणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या वर्षी 'फितूर' गाळला. मग दोन वर्षं दम खाल्ला आणि 'बंदुकीच्या धाकाने, असं काहीजण म्हणतात' एवढं हळूच जोडलं. काहीजण म्हणजे ती एकटीच. साहेब लोक काही उन्हातून पायी फिरत नसत, त्यामुळे कार्यालयात कोणाला पत्ता नव्हता. एकच तुकडा जोडायचा राहिला होता, पण तो उच्चारायची तिची छाती होत नव्हती.

अशात तिच्या माडीवरच्या खोलीत एक जोडपं तीन दिवसांसाठी उतरलं. तो निवृत्त मास्तर, हातात नकाशा, कानावर पेन्सिल. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचणारा. बायको बिचारी मागून पाय ओढत यायची.

"काल संग्रहालयातल्या तोफेपुढे हे अर्धा तास उभे होते," ती पूलबाईला म्हणाली. "चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढं बघितलं नाही!"

पूलबाई खळखळून हसली. पाहुण्यांशी अशी ती हसत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई सुजलेले पाय गरम पाण्याच्या टबात सोडून स्वयंपाकघरात बसली होती. बसल्या बसल्या तिने विचारलं, "ताई, त्या नावाड्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं हो?"

बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पूलबाईच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. ही माणसं उद्या जाणार, पुन्हा काही दिसायची नाहीत, असं तिने मनाशी म्हटलं आणि बांध फुटला.

"माझे वडील होते ते," ती म्हणाली. "पैसे-बिसे काही नाही घेतले. सैनिक घरात शिरले, मला उचलून नावेत बसवलं आणि माझ्या डोक्याला बंदूक लावली. मग वडिलांनी वल्हं हातात घेतलं. मी नावेत नसते तर त्यांनी जीव दिला असता, पण सैनिकांना आणलं नसतं. आई शेवटपर्यंत हेच सांगायची."

मास्तरीणबाईने तिचा हात धरला आणि दोघी रडल्या. मास्तर दारात नकाशा गुंडाळून उभा होता. पहिल्यांदाच त्याने काही वाचून दाखवलं नाही. त्या संध्याकाळी पूलबाई कितीतरी वर्षांनी पोटभर जेवली.

महिन्याभराने साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर मास्तरांचं चार पानी पत्र होतं, सुवाच्य अक्षरात. एवढं सोसलेल्या बाईचा जाहीर सत्कार करा, अशी विनंती होती. आता नोकरी गेली, असंच तिला वाटलं.

साहेब मात्र खुशीत होते. "बाई, एवढी मोठी गोष्ट दडवून ठेवलीत! अहो, फितुराची सख्खी मुलगी गाव दाखवते, कुठे बघायला मिळतं असं? तशी पाटीच रंगवायला टाकली आहे. आणि जुनं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं हं, चौकशी केली मी, मध्ये तुम्ही काय काय गाळलंत म्हणे."

"त्यांनी पैसे नव्हते घेतले, साहेब. मी नावेत होते."

"पुरावा?"

"मी होते ना!"

"चार वर्षांच्या होतात तुम्ही," साहेब समजुतीने म्हणाले. "जमत नसेल तर राहू द्या. दुसरी मुलगी तयार आहे, ती कागदावरचं वाचेल."

कोणी परकी पोरगी त्या घाटावर उभी राहून हसत हसत ते वाक्य म्हणेल, हे पूलबाईला सोसणारं नव्हतं. ती "जमेल" म्हणाली.

पहिल्याच रविवारी चौतीस माणसं आली. मागे चक्क साहेबही उभे राहिले. घाटावर तिने वाक्य अख्खं म्हटलं, 'फितूर' आणि 'पैसे घेऊन' सकट. लोक पोस्टाची भिंत सोडून तिचे फोटो काढू लागले.

एका बाईने अगदी मायेने विचारलं, "वडिलांचा राग येत असेल ना, ताई?"

'नावेत मी होते' हे शब्द पूलबाईच्या अगदी ओठावर आले. तिने साहेबांकडे बघितलं.

"येतो," ती म्हणाली.

गर्दीने समाधानाचा सुस्कारा सोडला. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ज्याने आपल्यापायी साऱ्या गावाचे शिव्याशाप घेतले, त्याला आपण चौतीस परक्यांपुढे टाकून दिलं, हे तिला तिथेच पायरीवर कळलं. अजून वेळ होता. थांबा, चुकलं, असं म्हणता आलं असतं.

"चला," ती म्हणाली, "पुढे उशीर होतोय."