महानंदावहिनीची भिंत

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी याच पुरवणीसाठी लेख लिहीत बसलो होतो. उन्हाळ्यात पंख्याशिवाय खोली गार कशी ठेवावी, असा विषय होता. खिडकीला जुन्या धोतराचा ओला पडदा लावा, रांजणाखाली झिरपणाऱ्या पाण्यावर पुदिना वाढवा, असं बरंच लिहून झालं होतं. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आई गेली. झोपेतच." मी निघतो म्हणालो, फोन ठेवला आणि खरं सांगतो, अर्धवट राहिलेलं वाक्य आधी पूर्ण केलं. मग लक्षात आलं की ते वाक्यही तिचंच होतं. पडदा तिचा, पुदिनाही तिचाच... गेली कित्येक वर्षं या जागेवरून मी तुम्हाला साध्या, मातीच्या, निसर्गाला धरून असलेल्या घरांबद्दल जे जे सांगत आलो, ते सगळं महानंदावहिनीच्या घरातून उचललेलं होतं. तिचं नाव मात्र मी एकदाही लिहिलं नाही. आज लिहितोय, ती गेल्याला सात आठवडे झाल्यावर.

आमचं गाव औशाच्या पलीकडे. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. वहिनीला खड्ड्यात बसवलं, अंगावर विभूती आणि बेलाची पानं पडली, मग एकेकानं मूठमूठ माती टाकली. माझी पाळी आली तेव्हा हातात काळी, चिकट माती आली, आणि माझ्या मनात काय यावं? ही वाळली की भेगा पडणार, वहिनीला हे चाललं नसतं. रडू यायच्या आधी मला त्या खड्ड्याच्या काठावर लाज वाटली. ती का वाटली हे सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो. आई-वडील मी लहान असतानाच गेलेले, आणि अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कामासाठी परमुलखात गेलेला. घरात बावीस वर्षांची वहिनी आणि मी. ती सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी अभ्यास करायचो. मीही येतो असं मी दोनदा म्हणालो, तिनं दोनदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या भानगडीत मी पडलो नाही. माघ महिन्यात एका दिवशी दगड निसटला आणि तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट हातोड्याखाली सापडलं. दोन पेरं गेली. आठव्या दिवशी फडकं बांधलेल्या हातानं ती पुन्हा कामावर गेली. शेजारणी हळहळायला आल्या की ती सांगायची, "भाकरी थापायला बोट लागत न्हाई, तळवा लागतो."

तेवढ्या ओढगस्तीतही आमचं घर असं होतं की गावातल्या बाया दुपारच्याला टेकायला आमच्याकडेच यायच्या. दोनच खोल्या, पण पाऊल टाकलं की डोळे निवायचे. अंबाडीच्या दोरीनं विणलेली बाज, तिच्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ, कोनाड्यात घासून लखलखीत केलेला तांब्या. बस, एवढंच सामान. आणि भिंती. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, माझ्या हातपाय धुण्याचं पाणी, सगळं वहिनी एका घंगाळात साठवायची आणि त्यात माती भिजत घालायची. भुस्सा आणि शेण घालून आठ-आठ दिवस चिखल मुरवायचा, पायानं तुडवायचा, मग भिंतीवर चढवायचा. शेवटचा पातळ हात ती बोटांनी फिरवायची. त्याचे अर्धगोल उमटायचे, एकाशेजारी एक, खालून वर. बहात्तरच्या आधी त्या अर्धगोलांत चार रेघा असायच्या. त्यानंतर तीनच राहिल्या. मी त्या भिंतीला पाठ टेकून पास झालो. ती माती ती कुठून आणते हे मात्र मी कधी पाहिलं नाही. ती टोपलं घेऊन निघायची तेव्हा माझं डोकं पुस्तकात असायचं.

पुढे मला लातुरात सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी लागली. लातूर जिल्हा झाला तो काळ आठवणारे आठवतील... रोज नवी कचेरी, नव्या पाट्या, बाहेरून बदलून आलेले साहेब, आणि शहराबाहेर जिकडेतिकडे नवी घरं. मीही दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला वहिनी आली ती मातीची दोन पोती घेऊनच. पंधरा दिवस राहून तिनं बैठकीची एक भिंत मातीनं लिंपली. उन्हाळ्यात या भिंतीकडं डोकं करून झोप म्हणाली आणि गेली. महिन्याभरात आमचे साहेब चहाला आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, घरात गोठा केलाय की काय. मीही हसलो. चार दिवसांत माणूस लावून ती भिंत खरवडून काढली, सिमेंटचा गिलावा केला, वर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट दिला. पंचमीला वहिनी आली. तिनं भिंतीवरून हात फिरवला, माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "लई गुळगुळीत झाली बाई. माशी बसली तर घसरंल." एवढंच बोलली आणि पुरण वाटायला बसली. मी हुश्श केलं. तिला वाईट वाटलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, इतका मी नव्या जिल्ह्याचा माणूस झालो होतो.

मग काळ फिरला. मोठ्या शहरांतले लोक मातीच्या भिंतींची छायाचित्रं काढून दिवाणखान्यात लावायला लागले आणि निवृत्तीच्या तोंडावर मला आठवलं की हे सगळं तर मला येतं. येत नव्हतं, पाहिलेलं होतं. या पुरवणीत लिहू लागलो. लोक सल्ला विचारू लागले, सभांना बोलावू लागले, शाल-नारळ मिळू लागले. 'आमच्याकडच्या ग्रामीण स्त्रिया' असं मी मोठ्या प्रेमानं लिहायचो. त्या स्त्रियांना एक नाव होतं आणि ती नऊवारी नेसून औशाच्या पलीकडे राहत होती, हे लिहायला जागा अपुरी पडायची.

अशाच एका लेखात मी मातीच्या भिंतीची सगळी कृती दिली. त्यात लिहिलं, शेतातली चांगली कसदार माती घ्यावी. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचे मारोतराव म्हणून एक औषध दुकानदार आहेत, त्यांनी तो लेख वाचून बैठकीची भिंत हौसेनं लिंपली. पंधरा दिवसांत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पोपडे गळायला लागले. त्यांचा फोन आला. रागावले नव्हते, माझंच काही चुकलं का म्हणून विचारत होते. पुन्हा फोन करतो म्हणालो. त्या रविवारी मी वहिनीकडे गेलो आणि लेख वाचून दाखवला. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काळी माती लावाय सांगितलीस? आरं, काळी पिकाची. ती पाणी पिऊन फुगती अन् वाळली की फाटती. घराला गावची पांढरी माती लागते. जुन्या गढीखालची."

दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं हे, आमच्याकडच्या. घरात बसून शिकलेल्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

तिनंच मग पांढरी भिजत घातली, मुरवली आणि सहा-सात वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, सत्तरीला टेकलेली असताना, माझ्याबरोबर भाड्याच्या जीपमधून उमरीला आली. फोनवर मी मारोतरावांना एक कारागीर घेऊन येतो म्हणालो होतो. त्यात तसं खोटं काही नव्हतं. पण तिथं पोचलो, तिनं कासोटा आवळला, कोपरापर्यंत चिखलात हात घातले, आणि मी खुर्चीवर बसून मारोतरावांना निसर्गपूरक घराबद्दल सांगायला लागलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाईंचा हात लई साफ हाय हो. लई दिवसांपासून हायत का तुमच्याकडं कामाला?"

ही माझी वहिनी आहे आणि तुमची भिंत माझ्या अडाणीपणामुळे फुटली, असं सांगायचं होतं. दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "हो, बरीच वर्षं."

वहिनी पाच हातांवर होती. तिचा हात थांबला नाही. चार दिवस आम्ही तिथं होतो. मी आत मारोतरावांच्या पंक्तीला जेवलो आणि वहिनीचं ताट बाहेर ओट्यावर. रात्री मी आतल्या खोलीत पलंगावर, ती ओट्यावर सतरंजी टाकून. रोज सकाळी वाटायचं, आता सांगू. पण एक दिवस गेल्यावर खोटं दुप्पट अवघड होतं आणि चौथ्या दिवशी तर ते खरंच वाटायला लागतं.

परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो. नांदेड मागे पडल्यावर तिनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तोंड कशाला पाडून बसलास? कामालाच तर होते मी. तू खोटं कुठं बोललास?"

यात टोमणा होता की समजूत, हे मला आजही सांगता येत नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी लाडू खाल्ला. त्यानंतर कितीदा तरी गावी गेलो. प्रत्येक वेळी जाताना औशाच्या स्टँडवर ठरवायचो की आज तिचे पाय धरायचे आणि चुकलो म्हणायचं. ती दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची, कुणाच्या शेवग्याला किती शेंगा लागल्या हे सांगत सुटायची, आणि मी पुढच्या खेपेवर ढकलायचो. माणसं आपल्या सोयीनं थांबतात अशी माझी समजूत होती.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मारोतरावांचा फोन आला. आता आतल्या खोलीलाही तशीच भिंत करायची होती. "तुमच्या त्या बाईला पाठवता का परत?"

मी म्हणालो, त्या वारल्या. ते हळहळले, लई गुणाची बाई होती म्हणाले, आणि मग दुसरं कुणी असेल तर बघा म्हणाले. मी बघतो म्हणालो. वाचकहो, लक्षात घ्या... ती मातीत गेल्यावरही, जेव्हा माझी कसलीच अब्रू पणाला लागलेली नव्हती, तेव्हाही मला ते सांगता आलं नाही. मागच्या आठवड्यात शेवटी उमरीची बस धरली.

मारोतराव दुकानावर गेले होते. घरात त्यांच्या पत्नी, सुमनबाई. मी चप्पलही काढली नव्हती. दारातच म्हणालो की त्या बाई माझ्या कामाला नव्हत्या, ती माझी सख्खी वहिनी होती. सुमनबाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग सावकाश बोलल्या.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, भाऊ. मी त्यांचं ताट आतच वाढलं होतं. त्यांनीच बाहेर मागून घेतलं. म्हणल्या, तो माझा दीर हाय, पोरावानी वाढवलाय. तुमच्या मालकाला चुकून बोलून बसलाय. आता मी आत येऊन जेवले तर त्याची मान खाली जाईल. तुम्ही कुणाला बोलू नका. म्हणून मी आजवर ह्यांनाबी सांगितलं न्हाई."

सुमनबाई आत चहा ठेवायला गेल्या.

बैठकीत ती भिंत होती. एक भेग नाही. कोनाड्यात पितळेचा तांब्या ठेवलेला, खाली बाज, बाहेर ऊन रखरखत असताना आत गारवा. मी जवळ गेलो. कमरेएवढ्या उंचीवर शेवटच्या हाताचे अर्धगोल तसेच होते, एकाशेजारी एक, तीन-तीन रेघांचे. मी उजवा हात उचलून एकावर ठेवला आणि तिच्या रेघांवर बोटं बसवून पाहिली. तीन बसली. एक बोट उरलं, ते कुठं ठेवावं ते मला कळेना.