मूळ गाडीचे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका हौसेने उकाडा सोसणारा माणूस सोलापुरात दुसरा सापडायचा नाही, आणि उकाडा सोसण्यात सोलापूर तसं कुणाला हार जाणारं गाव नव्हे. मामांकडे त्यांच्या वडिलांनी कोरी घेतलेली एक गाडी आहे. दुधी रंगाची, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांडीलाच गिअर असलेली. ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, हा मामांचा धर्म. त्यामुळे तिच्यात एसी नाही, टेप नाही, मोबाइल चार्ज करायची सोय नाही. मे महिन्यात त्यांच्यासोबत अक्कलकोटला निघालो की मठात पोचेपर्यंत माझं निम्मं पाप घामावाटेच निघून गेलेलं असे. मी कुरकुरलो तर मामा म्हणत, "जावईबापू, काच खाली करा की. कंपनीनं वारा फुकट दिलाय."

गाडीच्या डाव्या दाराची मूठ तुटली तेव्हा दुसऱ्या गाडीची मूठ त्यांनी लावू दिली नाही. आठ महिने ते दार सुतळीने बांधलेलं होतं आणि मामी ड्रायव्हरच्या बाजूने चढून आत सरकायच्या. शेवटी हैदराबादच्या भंगारबाजारात तशीच मूठ मिळाली, ती मामा टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून घेऊन आले. आमच्या लग्नात वरातीला हीच गाडी होती. बॉनेटला चिकटपट्टी लावायला मामांनी मनाई केल्यामुळे फुलं दोऱ्याने बांधली होती. ती वाटेतच गळाली, आणि आम्ही नवराबायको दवाखान्यातून आल्यासारखे घरी उतरलो.

सात रस्त्याजवळचे त्यांचे मिस्त्री रफीकभाई यांचं मत नेमकं उलटं. "मामा, नवं इंजिन टाकतो, एसी बसवतो. बाहेरून तुमची गाडी, आतून आजची." मामा सांगत, "आज गाडीला करशील, उद्या मला करशील. बाहेरून मी आणि आतून तू." वीस वर्षं हे भांडण चहाबरोबर चाललं आणि एक स्क्रूही बदलला नाही.

तीन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय उचलेना, मुडपेना. गाडीच्या पुढच्या बाजूला एकच सलग बाक होतं, त्यावर त्यांना चढवता येईना. व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला भाच्याची मोठी गाडी यायची. मामींनी तक्रार केली नाही, फक्त फाटकातून बाहेर पडताना त्या आपल्या गाडीकडे बघायच्या. चार-पाच वेळा हे पाहिल्यावर मामा मला घेऊन रफीकभाईंकडे गेले.

"दाराबाहेर वळणारी सीट बसवता येते," रफीकभाई म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं, "पण मामा, बाक कापावं लागेल. पुन्हा जुळायचं नाही."

आजवर हेच करायला टपलेला माणूस, पण आता रफीकभाईंनाच ते नको होतं. मामांनी चहा संपवला.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "काप."

मापाची टेप लावली तेव्हा तिचं दुसरं टोक मामांनी स्वतः धरलं होतं. करवत चालली तेव्हा मात्र ते बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

चार दिवसांनी मामी त्या सीटवर बसल्या. मामांनी त्यांना अलगद आत वळवलं, पाय उचलून ठेवला, दार लावलं. मामी अडखळत म्हणाल्या, "एक पंखा पण लावा की. लई उकडायलंय." संध्याकाळपर्यंत पंखा लागला.

त्या थंडीत जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. तपासणाऱ्यांनी सीट बघून गाडी मूळ गाड्यांच्या रांगेतून बाहेर काढली. मामा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि मामींना घेऊन हुरडा खायला गेले.

मामी गेल्या वर्षी गेल्या. परवा मी मामांकडे असताना पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे अगदी तसंच जुनं बाक होतं. ते बसवलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी, असं ते समजावत होते. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"असू द्या," ते म्हणाले. "तिची जागा हाय ती."

नंतर मामा मला स्टेशनवर सोडायला निघाले. मी पुढचं दार उघडायला गेलो, थांबलो, आणि मागे जाऊन बसलो. मामांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.