नानांनी पोसलेली पोरं

पारोळ्यात म्युनिसिपालटीची निवडणूक आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या नानांनी कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपल्यामुळे रिकामी फिरणारी चार-पाच पोरं हाताशी धरली. त्यांना दारू पाजून विरोधकांच्या घरांवर धोंडे मारायला पाठवलं. नाना निवडून आले, पण पोरांची सवय सुटली नाही. एका बाजारच्या दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्या कुंभारणीची मडकी हसत हसत लाथांनी फोडली. मी तिला घेऊन नानांकडे गेलो.

"पोऱ्या शेतस, जवानीमा इतलं चालसच," तरण्या पोरांचं एवढं चालायचंच, असं म्हणून ते पान चघळत राहिले.

पुढे त्याच पोरांनी विहिरीवर नानांच्या सुनेचा पदर ओढला. त्या संध्याकाळी नानांनी देवळात सभा भरवली आणि सिनेमानं तरुण पिढी बिघडवली म्हणून डोळे पुसले. मला शिसारी आली. मी उभा राहिलो.

"नाना, यांना पहिली दारू कोणी पाजली?"

शेजारच्यानं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. पोरांना पोलिसांनी नेलं. नाना मात्र पुढच्या निवडणुकीतही निवडून आले. त्यांना हार घालणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्या दिवशी मला घरचा घास गिळवेना.