उखळावरची फरशी

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. घर बघायला लोक अजून येतात. खांब जुने, कौलं मंगळुरी, खाली रंगीत फरशी. जुनं-नवं झकास जमवलंय म्हणतात आणि माझी पाठ थोपटतात. मी चौथी शिकलेला विणकर. पण ती शाबासकी सगळी माझी न्हाय एवढं मला कळतं. बायको होती तोवर हे कुणाला सांगितलं न्हाय.

आमचं घर शहापुरात. साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. थोरल्या लेकीचं लग्न निपाणीला ठरलं. मंडळी आमच्यातलीच, पण माग सोडून तंबाखूच्या व्यापारात शिरलेली. त्यांच्या नव्या घरात मी फरशी बघितली. हिरवी वेल, मधे लाल फूल, तळपायाला गार. परत आलो आणि मला माझी सारवलेली जमीन बघवेना.

घर पाडायचं न्हाय हे माझंही ठरलेलं होतं. आजोबांनी उभे केलेले खांब तसेच ठेवले, भिंतीतल्या देवळ्या तशाच ठेवल्या. छपरात एक काचेचं कौल बसवलं, मागावर उजेड पडावा म्हणून. मागाची खोली मातीचीच राहिली. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याला फरशी कशाला? माजघरात मात्र फरशी पाहिजेच होती, कारण व्याही तिथंच बसणार.

माजघराच्या जमिनीत दगडी उखळ पुरलेलं होतं. त्याचं तोंड जमिनीला लागून. गिरणी आल्यापासून त्यात फारसं काही कुटत नव्हते. बायको लग्नाचं बोलावणं करायला माहेरी, कणकुंबीला गेलेली. तेवढ्यात मी गवंड्याला सांगितलं, वाळू भर आणि वरनं फरशी घे.

ती परत आली. उंबऱ्यात उभी राहिली, फरशी बघितली, चप्पल बाहेर काढून आत आली. खूश होईल म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघतोय.

"उखळ कुठं हाय?"

"खाली हाय. कुठं पळून जातंय?"

"आणि लेकीची हळद कुठं कुटायची? तुमच्या डोक्यावर?"

खरं सांगतो, हळद माझ्या ध्यानातच आली नव्हती. आमच्यात लग्नाची हळद घरच्याच उखळात कुटतात. मुसळाला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी गाणी म्हणत कुटतात. माझ्या आईच्या हाताखाली हिनं नणंदांची हळद त्याच उखळात कुटलेली. आता पोटच्या पोरीची पाळी आलेली.

मी म्हटलं, "शेजारच्या आक्काकडं कुटा की. दगड तो दगड."

"भरल्या घरातनं हळद उसनी आणू व्हय? बापाच्या घरात हळदीला जागा न्हाय असं पोरीला सांगून पाठवू?"

तेवढं बोलून ती चुलीकडं गेली. दोन दिवस जेवण वाढलं, पण बोलली न्हाय. मीही हट्टी. फरश्या मोजून आणलेल्या, एक फुटली तर तसलं फूल पुन्हा मिळायचं न्हाय. आणि विहीणबाई बस्ता बांधायला शहापुरात येणार, घर बघून जाणार. फोडलेली जमीन तिला दाखवू?

तिसऱ्या दिवशी लेक मागाच्या खोलीत आली. "आप्पा, राहू दे. आक्काकडंच कुटू." असं म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. मी मागावरनं उठलो.

गवंड्याला परत बोलावलं. काकतीचा, कानडी बोलणारा. तो हातोडा देईना. "ब्याडरी, नको अण्णा, परवाच बसवलीय!" मी हिसकावून घेतला आणि खांबापासून तीन पावलं मोजून घाव घातला. फरशी फुटली. खाली नुसती माती.

आता कुठं? ह्याच घरात जन्मलो मी, आणि मला उखळ सापडेना. फरशी सगळीकडं सारखीच. गवंडी म्हणाला, आणखी एक फोडली तर मी घरी जातो.

बायको चुलीपुढनं आली. माजघराच्या दारातनं सरळ चालली, जरा डावीकडं वळली, थांबली, टाच टेकवली.

"हितं."

फोडलं तर वाळू. बरोबर मधोमध. वीस वर्षं त्या जागेवर उभी राहिलेली बाई. मोजायची तिला गरज काय?

गवंड्यानं भोवती काळ्या दगडाची गोल कड बसवली. माझ्या चुकीच्या जागी तांबड्या सिमिटाचं ठिगळ लावलं. ते अजून आहे. लोकांना ती नक्षी वाटते.

हळद कुटायच्या दिवशीच विहीणबाई आली. मला वाटलं, आता नाक मुरडणार. ती उखळापाशी वाकली, दगडावरनं हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आम्ही नव्या घरात उखळ ठेवलंच न्हाय, बाई. पोराची हळद शेजारनं आणावी लागणार."

मला वाटलं, आता बायको मला ऐकवणार. ती माझ्याकडं वळलीसुद्धा न्हाय. कुटलेल्यातली दोन मुठी हळद तिनं केळीच्या पानात बांधून विहिणीच्या हातात दिली. "उसनी न्हाय. लेकीच्या घरची समजा."

दुपारी मला वाढताना म्हणाली, "फरशी मात्र चांगली आणलीसा हो."

आता मी उखळाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. ताक वाढायचं थांबवून ती वाटच बघत होती. मी म्हटलं, "मीठ कमी पडलंय." आणि तिनं मीठ आणून दिलं.