तांबड्या शाईतलं पत्र

मुरगूडला मॅट्रिक होऊन मी कोल्हापुरात आलो आणि शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. माझं काम चुका शोधायचं. जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचा, त्या मजकुराचा पहिला कच्चा छाप माझ्या टेबलावर यायचा आणि त्यातल्या चुका मी तांबड्या शाईनं दाखवायच्या. लग्नपत्रिका, कुस्त्यांची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं. दिवसभर हेच.

या कामातली एक खुबी मला पहिल्याच वर्षी कळली. मजकुराच्या अर्थात मन गुंतलं की चूक निसटते. म्हणून मी मजकूर वाचायचं सोडून दिलं आणि नुसती अक्षरं बघायला शिकलो. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं, याच्याशी मला देणंघेणं नसायचं. ऱ्हस्व, दीर्घ, काना, मात्रा एवढंच. मालक आलेल्यागेलेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. ते ऐकायला मला फार आवडायचं.

ही नजर छापखान्यात ठेवून घरी जाता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती माझ्याबरोबर मंगळवार पेठेतल्या खोलीवर यायची, खानावळीत यायची. खानावळीच्या फळ्यावर ‘आज सुट्टी’ऐवजी ‘आज सुट्टि’ लिहिलं की त्यावरून मी मालकिणीशी वाद घालायचो. माझ्याबरोबर खोलीत एक बँकेतला शिपाई राहायचा. त्याचं बोलणं मी मधेच थांबवून दुरुस्त करायचो. तीन-चार महिन्यांनी तो दुसरीकडे राहायला गेला. जाताना मामाचं घर जवळ पडतंय म्हणाला. त्याला मामा नव्हता, हे मला माहीत होतं. खोली एकट्याला मिळाली म्हणून उलट मला हायसं वाटलं.

माझं म्हणावं असं माणूस एकच होतं, धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती चौथीत होती. वडील आधीच गेले होते. चुलत्यांच्या आसऱ्यानं, पण वेगळ्या चुलीवर आम्ही राहिलो आणि घरात रांधायला कुणी नाही म्हणून तिची शाळा सुटली. मी मात्र मॅट्रिकपर्यंत गेलो. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पुढं तिचं लग्न कबनूरला झालं. नवरा मागावर कामाला होता, तीही त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम.

महिन्या-दीड महिन्यानं तिचं आंतरदेशीय पत्र यायचं. मोठी मोठी अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या, अनुस्वारांचा पत्ता नाही. त्या वर्षी श्रावणात असंच एक पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं. त्या दिवशी साखर कारखान्याच्या अहवालाची गडबड चालली होती. मी दोन प्रूफांच्या मधे पत्र उघडलं. हातात तांबडं पेन होतंच. कधी खुणा करायला लागलो ते कळलंही नाही. सगळं पत्र तपासून झालं तेव्हा वाटलं, आता केलंच आहे तर तिला पाठवून देऊ, तिचं शुद्धलेखन तरी सुधारेल. तळाला लिहिलं, ‘रोज एक पान सराव कर.’ पाकिटात घातलं आणि टपालात टाकलं. आपण बहिणीसाठी काहीतरी चांगलं केलं, अशी माझी समजूत होती.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. गणपती झाले, दसरा झाला. कामात असेल, असं मी धरून चाललो. दरवर्षी दिवाळीच्या आधी ती भाऊबीजेला ये म्हणून कळवायची. त्या वर्षी काही निरोप नाही. भाऊबीजेच्या दिवशी मी धुतलेले कपडे घालून खोलीत बसलो होतो. न बोलावता जावं की नाही ते ठरेना. वाड्यातल्या इतर बिऱ्हाडांत ओवाळणं चाललं होतं. दुपारी खानावळही बंद होती. शेजारच्यांनी ताट पाठवलं, तेव्हा मी जेवलोय म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

पुढच्या सुट्टीला मी एसटीनं कबनूरला गेलो. शेडमध्ये मागांचा एवढा खडखडाट होता की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागत होतं. बहीण मला बघून उठली, पण हसली नाही. मी कानाशी जाऊन विचारलं, पत्र का नाही? तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी तिनं तसं दाखवलं नाही. शेवटी ती मला शेडच्या मागं, चिंचेखाली घेऊन गेली.

“त्या पत्रात म्या काय लिवलं हुतं, ठावं हाय तुला?” तिनं विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना. कोणते शब्द चुकले होते ते मात्र मी सांगू शकलो असतो.

“तीन म्हयनं झालं हुतं, आनि गेलं, असं लिवलं हुतं. तू म्हयन्याची येलांटी सुधारलीस. म्हयनं कशाचं, ते इचारलं न्हाईस.”

ती रडत नव्हती. हे बोलताना तिची बोटं कपड्यावर अडकलेला सुताचा धागा काढत होती. दवाखान्यातून घरी आल्यावर ते पत्र लिहायला तिला दोन दिवस लागले होते. सासूला सांगता येत नव्हतं, नवरा बोलत नव्हता, म्हणून तिनं मला लिहिलं होतं. आणि पाकीट आलं तेव्हा दादानं काहीतरी पाठवलंय म्हणून तिनं ते सगळ्यांसमोर उघडलं होतं.

मी काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. चुकलं म्हणालो बहुतेक. ती आत कामावर गेली आणि मी परतीच्या गाडीत बसलो. त्या दिवसापर्यंत माझ्या एकटेपणाला मी शिस्त म्हणत आलो होतो. गाडीत पहिल्यांदा वाटलं, माणसं माझ्यापासून उठून गेलीत, आणि त्यांना उठवलंय मीच.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर टेबलावर नेहमीसारखी प्रूफं पडली होती. आमच्याकडचे सगळ्यात जुने जुळारी मुसलमान होते, वयानं माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे आणि ते मला मास्तर म्हणायचे. पूर्वी दुपारी आम्ही दोघं डबा एकत्र खायचो. वर्षभरापासून ते आपला डबा घेऊन मशीनच्या पलीकडे बसत होते. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या प्रूफांत चुका फार वाढल्या होत्या आणि मी समासात लिहायचो, ‘लक्ष कुठे आहे?’ ते मालकांच्याही नजरेस पडायचं. चाचांना आता काढावं लागणार, असं मालक एक-दोनदा बोललेही होते.

त्या दिवशी मी पेनाचं टोपण उघडलंच नाही. आधी मजकूर नुसता वाचला, एखादं गिऱ्हाईक वाचेल तसा. एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या सत्काराचं निमंत्रण होतं. मग चुका बघितल्या. मग कपाटातून चाचांची मागच्या दोन महिन्यांची प्रूफं काढून शेजारी ठेवली. सगळ्या चुका एकाच जातीच्या होत्या. ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘भ’च्या जागी ‘म’. तेही फक्त बारीक टाइपात. मोठ्या टाइपात एक चूक नव्हती. चाचांचं लक्ष जागेवर होतं, डोळे गेले होते. वर्षभर मी त्या चुका एकेक करून पकडत होतो आणि त्या मिळून काय सांगत होत्या ते मला दिसलं नव्हतं.

दुपारी मी डबा घेऊन मशीनच्या पलीकडे गेलो आणि विचारलं, चाचा, बारीक टाइप दिसत नाही ना?

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाले, “मास्तर, चूक दावायची ह्यो तुमचा धंदाच हाय, त्याचं मला काय न्हाय. पर वरीसभर तुमी मला इचारलं न्हाईसा. कागदावर लिवलं.”

मालकांशी मी बोललो. चष्म्यानं फारसा फरक पडला नाही, पण कुस्त्यांच्या आणि जलशांच्या भित्तिपत्रकांचं मोठ्या लाकडी अक्षरांचं काम मालकांनी चाचांकडे दिलं. पुढची सहा-सात वर्षं त्यांनी ते नेटकं केलं. माझ्याशी ते पुन्हा बोलू लागले, पण पूर्वीसारखे नाही. थोडं जपून बोलायचे. त्याबद्दल मी त्यांना बोल लावू शकत नव्हतो.

प्रत्येक प्रूफ आधी बंद पेनानं वाचायचं, हा नेम मी तेव्हापासून ठेवला. त्यात वेळ जातो म्हणून मालक कुरकुरायचे. पण अर्थ कळून वाचलं की चुकाही वेगळ्या सापडतात. एकदा उत्तरकार्याच्या कार्डावर मृत्यूची तारीख उत्तरकार्याच्या तारखेनंतरची पडली होती, ते शुद्धलेखन बघणाऱ्याला कधीच दिसलं नसतं. स्वभाव असा एका दिवसात पालटत नाही. कुणी बोलत असलं की दुरुस्ती अजून जिभेवर येते. मी ती गिळतो आणि पुढचं ऐकतो. कधी कधी चुकतोही.

बहिणीनं मला परत कधी पत्र लिहिलं नाही. मीच दर महिन्याला जाऊ लागलो. सुरुवातीला ती चहा देऊन कामाला लागायची. मी शेडच्या बाहेर बसून राहायचो आणि गाडीची वेळ झाली की निघायचो. पाच-सहा वेळा असं झाल्यावर एकदा ती शेजारी येऊन बसली आणि सासूच्या दुखण्याबद्दल बोलायला लागली. मी मधे बोललो नाही. त्यानंतर ती बोलत गेली. पुढं तिला मुलगी झाली, तेव्हा तिचा दीर स्वतः छापखान्यात येऊन सांगून गेला.

एकदा मी तिला विचारलं, अजून राग आहे का?

“इसरले न्हाई,” ती म्हणाली. “पर तू येतोस न्हवं.”

मी लग्न केलं नाही. खोली एकट्याचीच राहिली. शेजारचं ताट आता मी घेतो आणि धुऊन परत द्यायला गेलो की त्यांच्या उंबऱ्यात थोडा बसतो. ते काय काय सांगतात, बरंचसं त्यांच्या गावाकडचं. मी ऐकून घेतो आणि खोलीवर येऊन दिवा लावतो.