कॉफीच्या यंत्राची वाटी

यवतमाळच्या मोटार स्टँडसमोर एका शेठजीनं हॉटेल काढलं आणि उद्घाटनाला वैशाख निवडला. त्या उन्हात माणसं माठापासून हलत नाहीत. शेठजीनं त्यांना वाफेची कॉफी पाजायचं ठरवलं. नागपुरात साहेबांचा एक क्लब बंद पडला होता, त्याच्या लिलावातून त्यानं इटलीचं एक जुनं यंत्र उचललं होतं. पितळी, उंच, वर घुमट आणि घुमटावर पंख पसरलेला पक्षी. शेठजी त्याला गरुड म्हणायचा. मला तो घारीसारखा दिसायचा, पण ते मी बोललो नाही.

यंत्राचं सगळं शाबूत होतं, फक्त ज्यात कॉफी भरतात ती वाटी हरवली होती. पितळेची वाटी, तिला लाकडी मूठ, तळाला चाळणी. ती यंत्राच्या तोंडाखाली धरून मूठ फिरवली की वाटीचे दोन कान आतल्या खाचेत अडकतात, आणि वाफेला कॉफीतून जाण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. वाटी नसली तर तो नुसता गरुड बसवलेला बंब.

मी कापसाची सरकी काढायच्या जिनमध्ये फिटर होतो. कापसाचा हंगाम सरला की जिन थंडावतं आणि लेथ मोकळी असते. शेठजी मला शोधत तिथं आला.

"मिस्त्री, हे झालंच पाह्यजे. पुढारी येऊन राह्यले उद्घाटनाले."

"जुन्या वाटीचा नमुना आहे?"

"नमुना असता तं तुह्याकडे कायले आलो असतो?"

हे बिनतोड होतं. मी यंत्राच्या तोंडात मेण दाबून खाचांचा ठसा घेतला. त्यावरून सागवानाचा फर्मा केला आणि वाळूत पितळ ओतलं. पहिली वाटी खाचेत डुगडुगली. पितळ थंड होताना आकसतं, आणि मी फर्मा तेवढा वाढीव केला नव्हता. दुसरी जाड ओतली आणि लेथवर उतरवली. कान मात्र कानशीनं हातानंच घासावे लागले. कानांचा उतार कमी पडला तर वाफ फुसफुसते, जास्त झाला तर वाटी अर्ध्यातच अडते. घासायचं, लावून पाहायचं, पुन्हा घासायचं. शेवटी मूठ फिरली आणि बरोबर समोर येऊन थांबली. मूठही मी सागवानाचीच केली.

"काय देऊ बोल," शेठजी म्हणाला.

"काही नको. उद्घाटनाला माझा बाप आणि मी आत टेबलाशी बसून कॉफी पिऊ."

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शिवाशिवीविरुद्ध कायदाही झाला होता. पण स्टँडवरच्या हॉटेलांना कायद्याची घाई नव्हती. आमच्यासाठीचे कप बाहेर भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झालं की कप आपणच विसळायचा आणि आपणच परत टांगायचा. बापानं जन्मभर असाच चहा घेतला होता. त्याला एकदा आत बसलेलं पाहायचं होतं मला.

शेठजी जरा थांबला. मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे, आपलंच हॉटेल समज!" तो इतका का खूश झाला हे मी तेव्हाच ताडायला हवं होतं.

उद्घाटनाला पुढाऱ्यानं फीत कापली. यंत्र असं किंचाळलं की पहिल्या रांगेतले प्रतिष्ठित लोक खाली वाकले. वाटी गळली नाही. मग शेठजी भाषणाला उभा राहिला.

"आपल्या हॉटेलात भेदभाव नाही! हे पाहा, हे आपले बौद्ध बांधव. आपल्या बरोबरीनं बसले आहेत!"

सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. टाळ्या पडल्या. बाप धुतलेली टोपी घालून खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाठ न टेकता. टेबलाखाली शिरावं असं मला वाटलं. मी एक खुर्ची मागितली होती, आणि शेठजीनं त्या खुर्चीवर आपली जाहिरात बसवली होती.

पांढऱ्या, निळ्या कडेच्या कपांतून कॉफी आली. बापानं ती औषधासारखी संपवली. मग तो उठला, कप घेऊन गल्ल्यामागच्या नळाशी गेला आणि विसळायला लागला. वेटर धावला, "राहू द्या न, बाबाजी!" बापानं ऐकलं नाही. कप दुपट्ट्यानं पुसला, फळीवरच्या धुतलेल्या कपांत ठेवला, ते कप जरा मागंपुढं सारले आणि परत येऊन बसला.

मी टेबलाकडं पाहत राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, "सवय आहे. जाईल हळूहळू." ते मायेनं म्हटलं होतं. तेच जास्त लागलं.

बाहेर पडल्यावर मी बापावर उसळलो. "बा, काहून धुतला तू कप? आत बसाले मी किती झटलो!"

"मंग? बसलो न आत."

"सारे लोकं पाह्यत होते!"

"पाह्यत होते न? तं सांग बरं, माहा कोनता?"

"काय कोनता?"

"कप. आता त्या फळीवर माहा कप कोनता, सांग."

तो विषय टाळतो आहे असं मला वाटलं. मी भरभर पुढं निघालो. रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटू नये एवढंच मनात होतं. तो मागून दुपट्ट्यानं घाम पुसत आला.

काही दिवसांनी शेठजीचा निरोप आला, वाटीपाशी वाफ निसटते आहे. वाफ अडवणारा चामड्याचा वायसर झिजला असणार, तो कापून घेऊन मी गेलो. दारापाशीच थबकलो. बाहेरच्या भिंतीवर नवे खिळे ठोकले होते आणि त्यांना निळ्या कडेचे पांढरे कप टांगले होते. एक नाही, अख्खा संच. आत फळीवर लाल फुलांचे कोरे कप मांडले होते.

बापाचा प्रश्न मला तिथं उन्हात उभ्या उभ्या समजला. शेठजीला त्याचा कप ओळखता आला नव्हता, म्हणून बिचाऱ्यानं सगळेच बाहेर काढले होते.

मी कुठं पाहतो आहे ते शेठजीनं पाहिलं. "ते जुने झालते," तो म्हणाला.

"लवकर झाले," मी म्हणालो.

मी वायसर बसवला. वाटी घट्ट बसली. शेठजीनं कॉफी मागवली, लाल फुलांच्या कपात, आग्रहानं. मी खुर्चीला पाठ टेकून ती सावकाश प्यायलो. मग उठलो, नळाशी जाऊन कप विसळला, पुसला, फळीवर मधोमध ठेवला आणि बाकीचे कप इकडचे तिकडे केले. शेठजीचा हात किंचित वर आला आणि तसाच खाली गेला. त्याची नजर माझ्या बोटांवर खिळली होती, पण फिटरचे हात चलाख असतात.

घरी बाप दारात बाजेवर बसला होता.

"गळते काय वाटी?"

"नाही. वायसर गेलता."

खिळ्यांवरच्या कपांचं त्याला सांगावं की नाही, ते ठरेना. मी रस्त्यात काय काय बोललो होतो, ते त्याला आठवत असणारच. मी एवढंच म्हणालो, "कप धुऊन आलो, बा."

तो बाजेवर थोडा सरकला. मी शेजारी बसलो, पण त्याच्याकडं पाहवलं नाही.